बोर्डवरचा एफटीपी सर्व्हर उठत नाही, मग बघायचं कुठे?

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यातून शुक्रवारी सकाळी फोन आला, "सर, एफटीपी चालू होत नाहीये, तीनदा बंद चालू करून बघितलं." आदल्या दिवशी गुरुवार, म्हणजे त्या भागात सुट्टी आणि लाइटही दिवसभर नव्हती. तिथे कॉम्प्रेसरच्या रीडिंग घेणारा एक छोटा लिनक्स बोर्ड, म्हणजे एका सर्किट बोर्डवर मावणारा कॉम्प्युटर आहे, तो दर तासाला एक सीएसव्ही फाइल बनवतो आणि ऑफिसमधला पीसी एफटीपीने ती उचलतो. बुधवार संध्याकाळपर्यंत सगळं व्यवस्थित आणि शुक्रवारी सकाळी काहीच नाही, कोणी कशाला हातही लावलेला नाही. ही केस मी शेवटी सोडवून दाखवतो, पण त्याआधी सर्व्हर उठतो म्हणजे नक्की काय काय होतं ते नीट समजून घेऊ, कारण ते कळलं की अशा दहातल्या नऊ केसेस फोनवरच सुटतात असा माझा अनुभव आहे.

एफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायची ठरलेली पद्धत, हे फार जुनं प्रकरण आहे. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये आला, आरएफसी ११४ नावाने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद), आणि तो लिहिला होता अभय भूषण यांनी, जे आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे आणि तेव्हा एमआयटीत होते. आज आपण जे वापरतो ते बरंचसं १९८५ च्या आरएफसी ९५९ प्रमाणे चालतं. इतकं जुनं असूनही कारखान्यातली मशिनं, डेटा लॉगर, कॅमेरे यांच्यात ते अजून टिकून आहे कारण ते छोटं आहे आणि समोरचा कुठलाही पीसी ते बोलू शकतो. हो, पासवर्ड उघडा जातो, त्यामुळे बाहेरच्या इंटरनेटवर हे उघडं ठेवू नका, कारखान्याच्या आतल्या नेटवर्कपुरतंच ठेवा.

छोट्या बोर्डांवर बहुतेक वेळा व्हीएसएफटीपीडी हा सर्व्हर असतो, आणि मी इथे त्याबद्दलच बोलतोय. कमांड, फाइल आणि मेसेजची नावं मी बोलताना म्हणतो तशीच लिहितोय, तुम्हाला ती ओळखू येतील.

आता लॅपटॉपवरचं लिनक्स आणि बोर्डवरचं लिनक्स यातला फरक. लॅपटॉपवर उबंटू टाकलं की ते भरलेलं घर असतं, भांडीकुंडी, गॅस, पाणी सगळं आधीच लावलेलं, तुम्ही फक्त राहायला जाता. बोर्डवर बिल्डरूट किंवा योक्टो या बोर्डसाठी लिनक्स जुळवणाऱ्या टूलने बनवलेली सिस्टीम म्हणजे रिकाम्या खोलीत मांडलेलं बिऱ्हाड, तुम्ही जे आणलं तेवढंच तिथे आहे, चमचा आणायचा राहिला तर चमचा नाही. आणि एफटीपी सर्व्हरला उठताना बऱ्याच गोष्टी लागतात: लायब्ररी, कॉन्फिग फाइल, त्या फाइलचा मालक, काही ठराविक युजर, एक रिकामं फोल्डर, मोकळा पोर्ट (म्हणजे कनेक्शन घ्यायचा नंबर, एफटीपीचा २१). लॅपटॉपवर हे सगळं पॅकेज टाकतानाच गुपचूप तयार होतं म्हणून कधी जाणवत नाही, बोर्डवर यातलं एक जरी नसलं तरी तो बसतो.

पहिलं काम, बूट स्क्रिप्टवर विश्वास ठेवू नका. सिरियल कन्सोलवर "स्टार्टिंग व्हीएसएफटीपीडी: ओके" असं दिसलं की लोक समजतात सर्व्हर उठला. पण ती स्क्रिप्ट स्टार्ट-स्टॉप-डीमन वापरत असेल आणि त्याला बॅकग्राउंडचा बी ऑप्शन दिलेला असेल तर तो ओके फक्त एवढंच सांगतो की मी प्रोग्रामला ढकलून दिलं, पुढे तो अर्ध्या सेकंदात मेला का हे त्याला माहीतच नसतं. पीआयडीची, म्हणजे प्रोसेसच्या नंबरची फाइलसुद्धा तयार झालेली असते, आत मेलेल्या प्रोसेसचा नंबर. त्यामुळे आधी पीएस मारून प्रोसेस आहे का बघा, मग नेटस्टॅटला एल, टी, एन ऑप्शन देऊन पोर्ट २१ कोणी धरलाय का बघा, आणि प्रोसेस नसेल तर सर्व्हर हाताने चालवा, पूर्ण पाथ देऊन, पुढे कॉन्फिग फाइलचं नाव देऊन, आणि तो परत प्रॉम्प्टवर आला की लगेच इको डॉलर प्रश्नचिन्ह करून एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम बाहेर पडताना मागे ठेवतो तो आकडा बघा.

हा कोड सोन्यासारखा आहे. १२७ आला तर शेलला प्रोग्राम सापडला नाही, किंवा प्रोग्राम सापडला पण त्याला लागणारी लायब्ररी सापडली नाही. १२६ म्हणजे फाइल आहे पण चालवता येत नाही, परमिशन बघा नाहीतर दुसऱ्याच प्रोसेसरसाठी बनवलेली बायनरी आहे. १३२ म्हणजे प्रोसेसरला न समजणारी इन्स्ट्रक्शन आली, कंपाइल करताना सीपीयूचा प्रकार चुकला. आणि २ आला तर सर्व्हर स्वतः उठला, त्याने काहीतरी तपासलं, त्याला ते पटलं नाही आणि तो स्वतःहून बाहेर पडला. या शेवटच्या प्रकारात त्याने कारणही सांगितलेलं असतं, "५०० ऊप्स" असं म्हणून पुढे एक वाक्य. तेच वाक्य आपल्याला पाहिजे.

आणि इथेच एक गोष्ट आहे जी मला कळायला फार वेळ लागला होता आणि ती कळल्यावर खूप कोडी एकदम सुटली. बहुतेक प्रोग्राम त्यांची रड स्टँडर्ड एररवर लिहितात, म्हणजे डिस्क्रिप्टर २ वर (डिस्क्रिप्टर म्हणजे प्रोग्रामच्या आत-बाहेर जायच्या वाटांचे नंबर), म्हणून आपण सवयीने २ ची दिशा फाइलकडे वळवतो आणि नंतर ती फाइल उघडून बघतो. व्हीएसएफटीपीडीच्या बाबतीत ती फाइल रिकामी निघते. कारण तो हा ऊप्स मेसेज डिस्क्रिप्टर ० वर लिहितो, जिथून आपण सहसा फक्त इनपुट घेतो. हे विचित्र वाटतं पण त्यामागे साधं कारण आहे. जुन्या पद्धतीत आयनेटडी नावाचा एक राखणदार सगळे पोर्ट सांभाळायचा, कोणी आलं की तो एफटीपी सर्व्हरला उठवायचा आणि आलेल्या पाहुण्याचं कनेक्शन त्याच्या हातात ० नंबरवर द्यायचा. म्हणजे ० वर लिहिलं की ते थेट समोरच्या क्लायंटला दिसतं. म्हणून तर मेसेजच्या सुरुवातीला ५०० आहे, तो एफटीपीचाच उत्तराचा कोड आहे, ५ या आकड्याने सुरू होणारी उत्तरं म्हणजे नकार. सर्व्हर तुमच्याशी बोलत नसतो, तो समोरच्या क्लायंटशी बोलत असतो.

हाताने टर्मिनलवर चालवला तर ० म्हणजे तुमचं टर्मिनलच असतं त्यामुळे मेसेज दिसतो. बूटच्या वेळी बॅकग्राउंडला टाकला की ० हे डेव्ह नलला जोडलेलं असतं, म्हणजे मेसेज विहिरीत. बूटच्या वेळचाच मेसेज पकडायचा असेल तर स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये स्टार्ट-स्टॉप-डीमन तात्पुरतं बाजूला ठेवा, सर्व्हर थेट बोलवा आणि त्याच ओळीत ० ची दिशा टीएमपी मधल्या एखाद्या फाइलकडे वळवा, नेहमीच्या २ च्या जागी ०, बाकी लिहिण्याची पद्धत तीच. ओळीच्या शेवटी अँड चिन्ह द्यायला विसरू नका, नाहीतर सर्व्हर नीट उठला तर स्क्रिप्ट तिथेच अडकेल. मग रीबूट करून ती फाइल उघडा. मी हे किती जणांना सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी समोरचा पाच मिनिटांत परत फोन करतो की सापडलं.

आता नेमकं काय काय अडतं ते बघू. सगळ्यात फसवा प्रकार १२७ चा. तुम्ही एलएस करता, फाइल डोळ्यासमोर आहे, चालवता तर शेल म्हणतो "नॉट फाउंड". माणूस वेडा व्हायची वेळ येते. इथे जे सापडत नाहीये ते म्हणजे त्या प्रोग्रामला मेमरीत चढवणारा लोडर, प्रोग्रामची स्वतःची फाइल नाही. प्रत्येक बायनरीच्या आत लोडरचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो, ग्लिबसी आणि मसल या सगळ्या प्रोग्रामना लागणाऱ्या मूळ लायब्ररीच्या दोन जाती, त्यात हार्ड फ्लोट आर्म प्रोसेसरसाठी ग्लिबसीचा लोडर एका नावाचा, सॉफ्ट फ्लोटचा दुसऱ्या नावाचा, मसल लायब्ररीचा तिसऱ्याच. बोर्डवरची सिस्टीम मसलवर बनवलेली आणि तुम्ही ग्लिबसीवाली बायनरी कुठून तरी आणून टाकली की हे होणारच. बोर्डवर एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) सहसा नसतं, त्यामुळे ज्या पीसीवर बिल्ड केलं तिथे रीडएल्फला एल ऑप्शन देऊन त्या फाइलवर चालवा, लोडरचं नाव तिथे स्वच्छ लिहिलेलं दिसतं. लोडर आहे पण एखादी लायब्ररी नाही असं असेल तर मेसेज वेगळा येतो, त्यात लायब्ररीचं नावच असतं, ते सोपं आहे. दोन्हीवर उपाय एकच, दुसरीकडून फाइल उचलून आणू नका, बोर्डची सिस्टीम ज्या टूलचेनने, म्हणजे कंपायलरच्या संचाने बनवली त्याच टूलचेनने बिल्ड करा.

मग येते कॉन्फिग फाइल. व्हीएसएफटीपीडी या बाबतीत फार कडक आहे. ऑप्शनचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत यांच्या मध्ये स्पेस चालत नाही. आणि विंडोजवर नोटपॅडमध्ये नवी फाइल बनवून बोर्डवर टाकली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटतं, मग सर्व्हर म्हणतो "बॅड बूल व्हॅल्यू इन कॉन्फिग फाइल फॉर" आणि पुढे ऑप्शनचं नाव. तुम्ही ती ओळ शंभर वेळा वाचाल, लिसन बरोबर येस, त्यात चूक दिसणार नाही, कारण सर्व्हरला तिथे येस आणि पुढे एक अदृश्य अक्षर दिसतंय. कॅटला व्ही ऑप्शन देऊन फाइल बघा, ओळीच्या शेवटी टोपीचं चिन्ह आणि एम दिसला की चोर सापडला. बिझीबॉक्समध्ये (बोर्डवरच्या छोट्या छोट्या कमांडचा एकत्र गठ्ठा) डॉस टू युनिक्स असतं, एकदा फिरवा, झालं.

फाइलचा मालक हा खास बोर्डवाल्यांचा आजार. "कॉन्फिग फाइल नॉट ओन्ड बाय करेक्ट युजर, ऑर नॉट अ फाइल" असा मेसेज आला तर एलएसला एल आणि एन देऊन बघा, मालकाच्या जागी ० असायला पाहिजे तिथे १००० दिसेल. १००० हा सहसा तुमच्या लॅपटॉपवरचा तुमचा स्वतःचा नंबर. कोणीतरी रूट फाइलसिस्टीमच्या फोल्डरमध्ये फाइल कॉपी केली आणि साध्या युजरने टार करून इमेज बनवली, मालकी तशीच बोर्डवर आली. बिल्डरूट इमेज बनवताना फेकरूट (साध्या युजरलाही फाइलचा मालक रूट दाखवू देणारं टूल) वापरतो ते याचसाठी, म्हणून फाइल त्याच्या ओव्हरले फोल्डरमध्ये ठेवून त्यालाच इमेज बनवू द्या. बोर्डवर तात्पुरता चोन रूट, म्हणजे मालक बदलायची कमांड चालते, पण पुढच्या फर्मवेअरला तोच फोन परत येतो, म्हणून बिल्डमध्येच सुधारा.

लिसनच्या, म्हणजे सर्व्हरने स्वतः पोर्टवर वाट बघत बसायचं की नाही या ऑप्शनबद्दल थोडक्यात. लिसन आणि लिसन आयपीव्ही६ दोन्ही नो असतील तर तो म्हणतो "नॉट कॉन्फिगर्ड फॉर स्टँडअलोन, मस्ट बी स्टार्टेड फ्रॉम आयनेटडी". दोन्ही येस केले तर म्हणतो दोन वेगळ्या कॉपी चालवा. एकच येस ठेवा. आणि उबंटूवरची फाइल उचलून आणली असेल तर तिच्यात सहसा आयपीव्ही६ वालं येस असतं, तुमच्या बोर्डच्या कर्नलमध्ये जागा वाचवायला आयपीव्ही६ काढून टाकलेलं असेल तर सॉकेटच उघडणार नाही. साधं लिसन येस करा.

"कुड नॉट बाइंड लिसनिंग आयपीव्ही४ सॉकेट" म्हणजे पोर्टची जागा मिळाली नाही. लोक म्हणतात थोडं थांबा, जुनं कनेक्शन सुटेल. तसं नाहीये, व्हीएसएफटीपीडी पत्ता पुन्हा वापरायची परवानगी आधीच मागून घेतो, त्यामुळे अर्धवट मिटलेल्या जुन्या कनेक्शनमुळे तो अडत नाही, खरोखर दुसरं कोणीतरी २१ वर बसलेलं असतं. बोर्डवर ते कोण? बहुतेक वेळा बिझीबॉक्सचाच स्वतःचा छोटा एफटीपीडी, टीसीपीएसव्हीडी किंवा आयनेटडी मार्फत कोणीतरी आधी लावून ठेवलेला. आयनेटडी डॉट कॉन्फ बघा, तिथे एफटीपीची ओळ असेल तर दोघांपैकी एकाला घरी पाठवा. दुसरी शक्यता, कॉन्फिगमध्ये लिसन ॲड्रेस म्हणून ठराविक आयपी लिहिलाय आणि बूटच्या त्या क्षणी नेटवर्क अजून उठलेलंच नाही. हाताने चालवलं की चालतं, बूटला चालत नाही, असं असेल तर पहिला संशय यावर घ्या.

बूटचा अजून एक प्रकार, सर्व्हर उठतो पण बोर्डच पुढे जात नाही, लॉगिन प्रॉम्प्ट येत नाही. स्टँडअलोन चालताना व्हीएसएफटीपीडी मुळात पुढ्यातच बसून राहतो, बॅकग्राउंड येस असं सांगितल्याशिवाय मागे जात नाही. आरसीएस या बूटच्या स्क्रिप्टमध्ये त्याचं नाव नुसतं लिहून ठेवलं, शेवटी अँड चिन्ह नाही, की स्क्रिप्ट तो संपायची वाट बघत बसते आणि तो कधीच संपत नाही.

आता त्या शुक्रवारच्या फोनकडे येतो. मी त्या मुलाला विचारलं, "पीएसमध्ये दिसतोय का?" तो म्हणाला, "हो सर, दिसतोय." पोर्ट २१ धरलेला? हो. म्हणजे सर्व्हर चालू होता! ग्राहकाच्या भाषेत "चालू होत नाही" यात दोन वेगळे आजार येतात, एक म्हणजे पोर्ट उघडायच्या आधीच मरणं, जे आपण आतापर्यंत बघितलं, आणि दुसरा म्हणजे पोर्ट उघडून बसणं पण प्रत्येक पाहुणा आला की त्याच्या तोंडावर दार लावणं. काही तपासण्या व्हीएसएफटीपीडी सुरुवातीला करतच नाही, कोणी कनेक्ट झाल्यावर करतो. ऑफिसच्या पीसीवरचं सॉफ्टवेअर नुसतं "कनेक्शन फेल्ड" दाखवत होतं, म्हणून त्याला म्हटलं विंडोजची काळी खिडकी उघड, एफटीपी टाइप कर आणि पुढे बोर्डचा आयपी. त्याने फोनवर एक एक शब्द वाचून दाखवला, "फाइव्ह हंड्रेड ऊप्स, नॉट फाउंड, डिरेक्टरी गिव्हन इन सिक्युअर क्रूट डिर", आणि पुढे पाथ, /व्हार/रन/व्हीएसएफटीपीडी/एम्प्टी. क्लायंटशी जोडलेलं ० नंबरचं दार, त्यातूनच तो सकाळपासून कारण सांगत होता.

हे रिकामं फोल्डर कशाला लागतं? सर्व्हर अनोळखी माणसाशी बोलताना सगळे अधिकार काढून ठेवतो आणि स्वतःला एका अशा फोल्डरमध्ये कोंडून घेतो जिथे काहीच नाही, म्हणजे कोणी त्याला फसवलं तरी चोरायला तिथे काही नसतं. चांगली योजना आहे. पण त्यांची कॉन्फिग फाइल कोणीतरी उबंटूच्या लॅपटॉपवरून उचललेली होती, आणि तिच्यात हे फोल्डर व्हार रनच्या आत दिलेलं होतं. व्हार रन ही जागा रॅममध्ये असते, पॉवर गेली की कोरी. लॅपटॉपवर प्रत्येक बूटला ते फोल्डर परत बनवणारी व्यवस्था असते, बोर्डवर ती नव्हती. पहिल्या दिवशी जोडणी करणाऱ्याने हाताने एमकेडीर करून ते फोल्डर बनवलं, सर्व्हर चालला, तो निघून गेला. मग बोर्ड कितीतरी दिवस बंदच झाला नाही, आणि गुरुवारी लाइट गेली तेव्हा यूपीएसनेही मान टाकली. म्हणून "कोणी हात लावला नाही तरी बिघडलं".

याच दारावर अडणारे अजून काही आहेत. ॲनॉनिमस, म्हणजे खातं नसलेल्यालाही आत घेणं, चालू ठेवलं आणि एफटीपी नावाचा युजर सिस्टीममध्ये नसेल तर "कॅनॉट लोकेट युजर स्पेसिफाइड इन एफटीपी युजरनेम" येतं. लागत नसेल तर ॲनॉनिमस नो करा, पण नोबडी नावाचा युजर तरीही ठेवा, अधिकार काढून ठेवल्यावर तो त्याच नावाने वावरतो. कधी कधी पासवर्ड फाइलमध्ये युजर स्पष्ट दिसतो आणि तरी सर्व्हरला सापडत नाही. हे ग्लिबसीच्या जुन्या सिस्टीमवर होतं, कारण ती फाइल वाचायचं काम एनएसएस फाइल्स नावाच्या वेगळ्या लायब्ररीकडे असायचं आणि जागा वाचवताना कोणीतरी ती काढून टाकलेली असते. ग्लिबसी २.३४ पासून ते काम मुख्य लायब्ररीतच आलं.

"रिफ्युजिंग टू रन विथ रायटेबल रूट इनसाइड क्रूट" हा लॉगिननंतर येणारा, युजरला त्याच्या फोल्डरमध्ये कोंडलंय आणि त्या फोल्डरवर त्याला लिहायची परवानगी आहे. नेटवर सगळे अलाव रायटेबल क्रूट येस करा सांगतात. मी म्हणेन वरच्या फोल्डरची लिहायची परवानगी काढा आणि आत अपलोडसाठी एक फोल्डर द्या, जास्त सुरक्षित आहे. आणि तरी तो ऑप्शन वापरायचाच असेल तर त्याच्या स्पेलिंगमध्ये राइट नंतरचा ई कायम आहे, तो गाळलात तर अनोळखी व्हेरिएबल म्हणून पुढच्या वेळी सर्व्हर उठायचाच नाही.

भोसरीच्या बोर्डवर आम्ही कॉन्फिगमधला पाथ बदलून /युएसआर/शेअर/एम्प्टी केला, ती जागा फ्लॅशवर असते, रॅममध्ये नाही, आणि ते फोल्डर एकदाच बनवून मालक रूट ठेवला, लिहायची परवानगी कोणालाच नाही. मग त्या मुलाला म्हटलं, आता सिंक मार, म्हणजे सगळं फ्लॅशवर लिहिलं जाईल, आणि रीबूट कमांड नको देऊ, सरळ वायरच काढ, एक मिनिट थांब आणि परत लाव. त्याने लावली, आम्ही दोघं फोनवर गप्प, आणि दीड एक मिनिटाने तो म्हणाला, "सर, बुधवारच्या संध्याकाळची फाइल आली."